कैगा अणुवीज केंद्राची नवीन युनिटं, सरकारी पैसा आणि आपलं बिल: हा भार नक्की कुणाच्या डोक्यावर?

उद्यमबाग_फौंड्री (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी नमस्कार. विषय दोन महिने डोक्यात घोळतोय, आज निवांत बसून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं कास्टिंगचं युनिट आहे. वडिलांनी कुपोलावर (कोळशाची भट्टी) सुरू केलं, आता इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी). एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज जाते, त्यामुळे महिन्याचा कच्चा माल, पगार आणि वीजबिल हे तीनच आकडे मी झोपेत पण सांगू शकतो. आणि हीट (एक घाणा वितळवणं) चालू असताना मधेच करंट गेला की भट्टीतला माल थिजायला लागतो, लायनिंग जातं, ते नुकसान कुणी भरून देत नाही. म्हणून विजेबद्दल मी बोलतो तेव्हा राजकारण म्हणून नाही बोलत, पोटाचा प्रश्न म्हणून बोलतो.

तर आता कारवारजवळच्या कैगाला पाचवं आणि सहावं युनिट, म्हणजे अणुभट्टी, होणार, ७०० मेगावॅटचं एकेक. २०१७ मध्ये केंद्रानं एकदम दहा अणुभट्ट्या मंजूर केल्या होत्या १,०५,००० कोटींच्या, त्यातल्याच या दोन, म्हणजे आपल्या वाट्याच्या २१,००० कोटींच्या आसपास. एवढा खर्च सरकारी कंपनी ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल अशा हिशोबानं करते. वरून २०२५ च्या बजेटमध्ये छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी ठेवले आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज करायची म्हणाले. आज देशात नऊ गिगावॅटसुद्धा पूर्ण नाही.

मी बसल्या बसल्या एक हिशोब घातला. २१,००० कोटींचं ७० टक्के म्हणजे १४,७०० कोटी कर्ज. आठ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १,१७६ कोटी, म्हणजे पूर्ण कर्ज उचलल्यावर दिवसाला सव्वातीन कोटी नुसतं व्याज, आणि तेव्हा अजून एक युनिट वीज पण तयार झालेली नसते. पाच वर्षं उशीर झाला तर सरळव्याजानंच ५,८८० कोटी. मी जर माझं नवीन फर्नेस पाच वर्षं उशिरा चालू केलं तर बँक मला दारात उभं करणार नाही. इथं हा उशीर कोण सोसतं?

मी अणुविजेच्या विरोधात नाही, उलट मला चोवीस तास एकसारखी वीज पाहिजे. पण सरकारनं पैसा घालावा का, घालावा तर कुठल्या अटीवर, आणि तो माझ्या बिलात कुठल्या ओळीत दिसणार, एवढं मला समजून घ्यायचंय. जाणकारांनी लिहा, ज्यांना झळ बसली त्यांनी तर नक्की लिहा.

बीई_फायनल_अथणी (रविवार, रात्री १०:१५)

दादा मी इलेक्ट्रिकल फायनलला आहे, प्रोजेक्टपण याच विषयावर चाललाय म्हणून लगेच लिहितोय.

सरकारी पैसा घालायलाच पाहिजे असं माझं मत आहे. कारण सोलरला पण आपण घालतोयच की. घराच्या छतावरच्या सोलरला पीएम सूर्यघरमध्ये तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते, शेतीपंपाच्या सोलरला कुसुम योजना आहे, ट्रान्समिशनमध्ये सवलत होती, त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. मग अणुविजेला नाव ठेवायचं कारण काय? सोलर स्वस्त झालंय हे खरंच, डिसेंबर २०२० ला गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे युनिटपर्यंत दर आला होता, पण ते दुपारच्या विजेचं झालं. संध्याकाळी सातला सूर्य गेल्यावर तुमची फर्नेस कशावर चालणार? बॅटरी लावली की तो दर राहत नाही. आत्ता रात्री आपण रायचूर आणि बळ्ळारीच्या कोळशावरच आहोत.

आणि कैगाचं रेकॉर्ड बघा. पहिलं युनिट १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस एकदाही बंद न पडता चाललं, तेव्हा तो जगातला विक्रम होता. देशी डिझाईन, देशी माणसं, आणि आपल्यापासून एवढ्या जवळ. वीज तीन-चार रुपये युनिटच्या घरात पडते. अमेरिकेत काय झालं, इंग्लंडात काय झालं ते बघून आपण घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं.

मलप्रभा_काठ (रविवार, रात्री १०:३८)

पोरा तुझं बरोबर हाय पण माझं बी ऐक.

मी खानापूर तालुक्यातला शेतकरी, भात आणि थोडा ऊस. आयपी सेटला (शेतीपंपाला) आम्हाला बिल येत न्हाई, ते पैसं सरकार भरतंय, मला ठाऊक हाय. म्हणून दुसऱ्याच्या सबसिडीला मी कसा नाव ठेवू. पण फुकट म्हणजे कसली वीज ते बघा की. थ्री फेज येणार रात्री, उसाला पाणी पाजायला जायचं तर आमच्या बाजूला अस्वलाची भीती, पायाखाली काय असंल सांगता येत न्हाई, एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी. २०२३ चा दुष्काळ आठवा, पाच तास देतो म्हणाले आणि ते पाच तास पण तुकड्या तुकड्यानं, आमच्या बाजूचा टीसी (ट्रान्सफॉर्मर) जळला तर आठवडा गेला. गड्याहो त्या वर्षी अर्धा ऊस वाळला माझा.

आता माझा प्रश्न साधा हाय. कैगाची वीज चोवीस तास तयार होते म्हणतासा. मग ती माझ्या मोटरीला दिवसा का मिळत न्हाई? एवढं २१,००० कोटी घालून माझी रात्रपाळी सुटणार का? सुटणार असंल तर माझ्या करातनं घ्या, मी तक्रार करणार न्हाई.

फेज_न्यूट्रल (रविवार, रात्री ११:२०)

मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कैगाची वीज थेट आपल्या तालुक्यात येत नाही, ती ४०० केव्हीच्या लाईनवरून धारवाडजवळच्या नरेंद्र सबस्टेशनला वगैरे जाते आणि दक्षिणेच्या ग्रिडमध्ये मिसळते, त्यात कर्नाटकाशिवाय बाकीच्या राज्यांचा पण वाटा असतो. तुमच्या मोटरीला दिवसा का रात्री हे तुमचा फीडर (सबस्टेशनहून गावाकडं येणारी लाईन) वेगळा आहे का, त्यावर लोड किती आणि त्या वेळी राज्याकडं वीज किती यावर ठरतं. दिवसा शेतीला वीज द्यायला सोलर फीडर जास्त उपयोगाचा, कारण शेतीला वीज दुपारी लागते आणि सूर्य पण दुपारीच असतो. अणुभट्टी ही खरी फौंड्रीवाल्यांच्या, दवाखान्याच्या, रात्रभर चालणाऱ्या कामाच्या उपयोगाची. दोघांचं काम वेगळं आहे, एकाच्या नावानं दुसऱ्याला हाणायचं काही कारण नाही.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नावर. मी वीस वर्षं वीज प्रकल्पांवर इलेक्ट्रिकल कामं केलीत, त्यातली काही वर्षं अणुऊर्जेच्या साईटवर ठेकेदाराकडं. दादांनी विचारलं तो पैसा बिलात कुठल्या ओळीत दिसणार, तर तशी ओळच नाही, कारण अणुविजेला मदत रोख सबसिडी म्हणून दिलीच जात नाही. ती पाच-सहा ठिकाणी लपलेली असते.

पहिलं, ३० टक्के भांडवल. कंपनी सरकारचीच, त्यामुळे तो पैसा कंपनीच्या नफ्यातून नाहीतर बजेटमधून येतो. या भांडवलावर परतावा धरतात आणि तो दरात घालतात, पण प्रकल्प रखडला तर कुठला शेअरहोल्डर ओरडायला येत नाही, कारण शेअरहोल्डर म्हणजे आपण सगळे. दुसरं, कर्ज. सरकारी कंपनी म्हटल्यावर बँक कमी व्याजात देते, आणि तमिळनाडूतल्या कूडनकुलमसारख्या ठिकाणी तर रशियन सरकारचंच कर्ज आहे जे दोन देशांच्या करारातून आलं. तिथल्या पहिल्या दोन युनिटचा मंजूर खर्च १३,१७१ कोटी होता तो २२,४६२ कोटींवर गेला. २००२ ला काम सुरू, पहिलं युनिट व्यापारी तत्त्वावर चालू झालं २०१४ च्या डिसेंबरात. तिसरं, इंधन आणि जड पाणी (अणुभट्टीत लागणारं खास पाणी) अणुऊर्जा विभागाच्या स्वतःच्या कारखान्यांतून येतं, त्यामागं साठ-सत्तर वर्षांचा सरकारी संशोधनाचा खर्च आहे जो कुठल्याही युनिटच्या दरात पूर्ण धरलेला नाही. चौथं, अपघात झाला तर जबाबदारीची मर्यादा, त्यावर दुसरे लिहितीलच.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. अणुभट्टी म्हातारी झाली की ती मोडून साफ करायला पैसा लागतो. त्यासाठी दर युनिटमागं फक्त २ पैसे बाजूला काढतात. कैगाची चार युनिटं मिळून ८८० मेगावॅट, ८५ टक्के चालली तर वर्षाला ६५५ कोटी युनिट होतात. २ पैशांनी साधारण १३ कोटी रुपये वर्षाला जमतात. ४० वर्षांत व्याज न धरता सव्वापाचशे कोटी. चार अणुभट्ट्या मोडून, किरणोत्सारी भाग वेगळा काढून शेकडो वर्षं सांभाळायला हे पुरणार का? मला नाही वाटत. कमी पडलं तर ते कुठून येणार हे उघड आहे, तेव्हाच्या बजेटमधून, म्हणजे या पोरांच्या पोरांच्या खिशातून. ही पण मदतच झाली, फक्त आज कुणाला दिसत नाही.

मी अणुविजेच्या बाजूचा माणूस आहे हे परत सांगतो. साईटवर काम करणारी माणसं किती काळजीनं काम करतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणूनच हिशोब स्वच्छ पाहिजे असं वाटतं.

निपाणीचे_सर (सोमवार, सकाळी ६:५०)

सगळ्यांची मतं वाचली. मी निवृत्त शिक्षक, निपाणीला असतो, निम्मे नातेवाईक कागलला आणि कोल्हापूरला, त्यामुळे दोन्ही राज्यांची वीजबिलं आमच्या घरात चर्चेला असतात.

तरुण मुलांना कदाचित आठवत नसेल म्हणून सांगतो. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प. तो अणूचा नव्हता, नाफ्था आणि गॅसचा होता, पण सरकारनं मदत कशी करू नये याचा धडा तिथं आहे. १९९३ ला करार झाला, वीज मंडळानं वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा असं ठरलं, राज्याची हमी, त्यावर केंद्राची प्रतिहमी. १९९५ ला करार रद्द, १९९६ ला परत नवा करार. १९९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला आणि वर्षभरात युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला, तेव्हा बाकीची वीज दोन-अडीच रुपयांत मिळत होती. २००१ ला मंडळानं वीज घेणं थांबवलं, त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच बुडाली. शेवटी २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना पुढं करून तो प्रकल्प सावरावा लागला.

माझ्या मते एन्रॉनचा दोष परदेशी कंपनी हा नव्हता. नफा एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, हा दोष होता. सरकार जेव्हा हमी देतं तेव्हा ते आपला पैसा देत नाही असं वाटतं, कारण त्या दिवशी तिजोरीतून काही जात नाही. पण हमी म्हणजे जामीन राहणं. आमच्याकडं गावात म्हणतात, जामीन राहिला तो अर्धा कर्जदार.

आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं शांती कायदा केला, १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा (अणुअपघाताच्या भरपाईचा) दोन्ही त्यात गेले, खाजगी कंपन्यांना अणुवीज करायची वाट मोकळी झाली. खाजगी कंपन्या आल्या की त्या हमी मागणारच, कारण दहा-बारा वर्षं उत्पन्न नसताना पैसा अडकवून ठेवायला कुठली बँक तयार होईल? तेव्हा करार कसे होतात ते बघायला पाहिजे. दाभोळ आपल्यापासून लांब नाही आणि जैतापूर तर त्याच जिल्ह्यात आहे, ९,९०० मेगावॅटचा फ्रेंच अणुभट्ट्यांचा प्रकल्प २०१० पासून बोलण्यातच आहे. दराचं जुळत नाही हे त्यातलं एक मोठं कारण.

ओहायो_टिळकवाडी (सोमवार, सकाळी ८:०५)

इथं रात्र झालीय पण धागा बघून राहवलं नाही. मी टिळकवाडीचा, बारा वर्षं झाली ओहायोत आहे. सरांनी एन्रॉन काढलं, मी ज्या राज्यात राहतो तिथली गोष्ट सांगतो.

ओहायोत दोन जुन्या अणुभट्ट्या आहेत, डेव्हिस-बेसी आणि पेरी. गॅस स्वस्त झाल्यावर त्यांना परवडेना, बंद करणार म्हणाले. २०१९ ला राज्यानं हाऊस बिल सहा नावाचा कायदा केला, वर्षाला सुमारे १५ कोटी डॉलर घरगुती आणि उद्योगांच्या बिलातून गोळा करून या दोन अणुभट्ट्यांना द्यायचे. २०२० च्या जुलैत विधानसभेचा सभापती लॅरी हाऊसहोल्डर याला अटक झाली. वीज कंपनीकडून सहा कोटी डॉलर फिरवले गेले होते हा कायदा पास करून घ्यायला. २०२३ ला त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. अणुभट्ट्यांची सबसिडी २०२१ मध्येच रद्द केली होती, आणि गंमत नाही, गांभीर्यानं सांगतो, त्या अणुभट्ट्या सबसिडी गेल्यावर पण चालूच राहिल्या. म्हणजे मदत खरंच पाहिजे होती का, हे कंपनीची वही उघडून आधी बघायला पाहिजे होतं, ते कुणी बघितलं नाही.

पण मी एकाच बाजूचं सांगणार नाही. न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांनी २०१६ ला सरळ सांगून मदत दिली, धूर न करता तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटला एवढे पैसे, आणि ते बिलात येतात. तिथल्या अणुभट्ट्या वाचल्या. उलट न्यूयॉर्कजवळची इंडियन पॉइंट २०२१ ला बंद केली तर तिची जागा बऱ्याच अंशी गॅसनं घेतली, धूर वाढला. चालू असलेली चांगली अणुभट्टी पैशाअभावी बंद करणं हे मला घरातली दुभती म्हैस वैरणीवाचून विकण्यासारखं वाटतं.

नवीन बांधायची गोष्ट मात्र वेगळी आहे. जॉर्जियात व्होग्टल नावाच्या जागी दोन अणुभट्ट्या १४ अब्ज डॉलरच्या म्हणून सुरू केल्या, त्या ३० अब्जांच्या वर गेल्या, केंद्राची १२ अब्जांची कर्जहमी होती. त्या निदान २०२३ आणि २०२४ ला चालू तरी झाल्या. शेजारच्या साऊथ कॅरोलिनात तशाच दोन अणुभट्ट्या २०१७ ला अर्ध्यावर सोडल्या, नऊ अब्ज डॉलर गेले. तिथल्या राज्यानं २००७ ला कायदा केला होता की बांधकाम चालू असतानाच ग्राहकांकडून पैसे घ्यायचे. लोक वर्षानुवर्षं न आलेल्या विजेचं बिल भरत राहिले.

रामनगरची_लेक (सोमवार, दुपारी २:३०)

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. लग्न होऊन शहापूरला आले, माहेर रामनगर. रामनगर हे गाव का वसलं ते तुम्हाला माहीत असेल, सुपा धरणात ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी. माझ्या आजीची भातशेती आणि आंब्याची झाडं पाण्याखाली आहेत. काळी नदीवर सुपा, मग खाली कद्रा, आणि कद्र्याच्या पाण्याकाठी कैगा. म्हणजे एकाच नदीनं दोन-तीनदा आमच्या भागाकडून घेतलंय.

तुम्ही सगळे कोटींचे हिशोब घालताय, ते घातलेच पाहिजेत. पण मदत म्हणजे फक्त पैसा नाही. आजीची जमीन ज्या दरात घेतली तो दर पण प्रकल्पाला दिलेली मदतच होती. जंगल, नदी, शांतता हे सगळं फुकटात धरलं गेलं म्हणून वीज स्वस्त दिसते. शिवराम कारंतांसारखा एवढा मोठा लेखक १९८९ ला म्हातारपणी कारवारमधून लोकसभेला उभा राहिला तो कैगाच्या विरोधात. हरले, पण त्यांचे प्रश्न गेले नाहीत.

माझे वडील सांगतात की १९९४ ला बांधकाम चालू असताना कैगाच्या पहिल्या युनिटच्या घुमटाचं काँक्रीट आतून कोसळलं होतं. इंधन भरलेलं नव्हतं म्हणून पुढचं काही झालं नाही. परत डिझाईन, परत बांधकाम, आणि ते युनिट सुरू झालं २००० ला. या मधल्या वर्षांचा खर्च कुणी दिला हे उद्यमबागवाल्या दादांनी विचारलंय तसं मलाही विचारायचंय.

आणि अपघाताच्या जबाबदारीचं. २०१० च्या कायद्यात चालवणाऱ्या कंपनीवर १,५०० कोटींची मर्यादा होती, नवीन कायद्यात सगळ्यात मोठ्या अणुभट्टीला ३,००० कोटी केलीय आणि लहानांना त्याहून कमी. त्यावर लागलं तर सरकार बघणार. जुन्या कायद्यात निदान एक होतं की यंत्रसामग्री खराब निघाली तर ती पुरवणाऱ्या कंपनीकडून वसूल करता येईल, भोपाळ झालेल्या देशानं मुद्दाम घातलेलं कलम होतं ते, आता तसं आपोआप मिळत नाही, करारात लिहिलं असेल तरच. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर जपान सरकारला २०१२ मध्ये १ लाख कोटी येन घालून ती अणुभट्टी चालवणारी कंपनीच ताब्यात घ्यावी लागली होती आणि भरपाई त्याच्या कितीतरी पट गेली. त्यापुढं ३,००० कोटी रुपये म्हणजे किती? ही मर्यादा म्हणजे आमच्या जिवावर दिलेला विम्याचा हप्ता आहे असं मला वाटतं. कैगा आजवर नीट चाललंय, तिथं आमच्या गावची मुलं नोकरीला आहेत, त्यांच्या पगारावर घरं उभी राहिलीत, हे पण मी विसरत नाही. म्हणूनच दुखतं.

बीई_फायनल_अथणी (सोमवार, संध्याकाळी ७:१०)

ताई, तुमचं वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकलो नाही. जमिनीचा मुद्दा माझ्या प्रोजेक्टमध्ये कुठंच नव्हता.

फक्त एक म्हणायचंय. कोळशाच्या राखेनं आणि धुरानं जी माणसं आजारी पडतात त्यांची भरपाई तर कुठल्याच कायद्यात नाही, तिथं मर्यादा पण नाही कारण जबाबदारीच नाही. रायचूरच्या आसपास राहणाऱ्यांचा पण विचार व्हायला पाहिजे. पण ३,००० कोटींची गोष्ट मला पटली. विमा कंपन्यांनी पूर्ण जोखीम घेतली असती तर हप्ता किती आला असता, तो आकडा दरात धरला तर अणुवीज किती रुपयांना पडेल हे मी काढायचा प्रयत्न करतो.

फेज_न्यूट्रल (सोमवार, रात्री ९:३०)

ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. अमेरिकेत पण १९५७ च्या प्राईस-अँडरसन कायद्यापासून अशी मर्यादा आहे, त्याशिवाय तिथं एकही खाजगी कंपनी या धंद्यात आली नसती.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. राज्याच्या वीज कंपनीला दर वाढवायचा असेल तर तिला बेंगळुरूच्या वीज नियामक आयोगासमोर जावं लागतं, जाहीर सुनावणी होते, आपला माणूस तिथं उभा राहून विचारू शकतो. बेळगावच्या उद्योजकांनी तिथं हरकती घेतल्यात. एप्रिल २०२५ पासून आपल्या बिलात कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागं ३६ पैसे लागले, त्यावर केवढी आरडाओरड झाली, का तर ते वेगळं दिसलं म्हणून. अणुविजेचा दर मात्र १९६२ च्या कायद्यापासून केंद्राचा अणुऊर्जा विभाग ठरवत आलाय, केंद्रीय वीज प्राधिकरणाशी सल्लामसलत करून. सुनावणी नाही, हरकत नाही. आपल्या आयोगापुढं तो आकडा येतो तो ठरून आलेला येतो.

म्हणजे आपण मदत द्यावी की नाही यावर भांडतोय, पण किती देतोय हेच विचारायची खिडकी नाही.

मलप्रभा_काठ (सोमवार, रात्री ९:५५)

हे मला आज कळलं. उसाचा दर ठरवताना आम्ही कारखान्याच्या दारात बसतो, काटा आमच्या डोळ्यांसमोर होतो, रिकव्हरी किती ते विचारतो, तरी आम्हाला वाटतं आमचं चुकवलं. आणि इथं काटाच बंद खोलीत हाय म्हणतासा. मग चांगलं का वाईट ते कसं ठरवायचं माणसानं.

फेज दादांनी सोलर फीडरचं सांगितलं ते मनाला पटलं. आमच्या बाजूला तो कधी येणार ते मी पंचायतीत विचारतो.

निपाणीचे_सर (सोमवार, रात्री १०:२०)

इंग्लंडचं एक उदाहरण देतो, चांगलं-वाईट दोन्ही त्यात आहे. हिंकली पॉइंट अणुवीज प्रकल्पाचा करार केला तेव्हा सरकारनं सांगून टाकलं, हजार युनिटला साडेब्याण्णव पौंड, २०१२ च्या किमतीत, ३५ वर्षं. दर महाग ठरला, टीका खूप झाली. पण तो दर सगळ्यांना माहीत होता म्हणून टीका करता आली, आणि बांधकाम रखडलं, खर्च वाढला तो बांधणाऱ्या कंपनीच्या अंगावर गेला, कारण वीज आल्याशिवाय ग्राहक एक पेनी देणार नव्हता. पुढच्या साईझवेल प्रकल्पाला मात्र त्यांनी पद्धत बदलली, बांधकाम चालू असतानाच बिलातून थोडे थोडे घ्यायचे, व्याज वाचतं म्हणून. मला पहिली पद्धत आपल्यासारख्यांना जास्त सुरक्षित वाटते. महाग चालेल, पण न आलेल्या विजेचे पैसे नकोत.

उद्यमबाग_फौंड्री (सोमवार, रात्री ११:४५)

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी मेल्टिंग चालू असताना मधे मधे मोबाईलवर वाचत होतो, ताईंचं लिहिलेलं तर कामगारांना पण वाचून दाखवलं, आमच्याकडं जोयड्याची दोन पोरं आहेत, त्यातल्या एकाचे आजोबा सुप्याचेच निघाले.

माझं मत आता बरंच पक्कं झालंय. सरकारनं अणुविजेला पैसा घालावा, मी नाही म्हणणार नाही, कारण दहा वर्षं वाट बघायची ताकद सरकारशिवाय कुणात नाही आणि मला रात्रीची वीज कोळशावाचून पाहिजे. पण सरांनी म्हटलं तसं, पैसा तयार झालेल्या युनिटमागं द्या, रखडण्याला देऊ नका. उशीर झाला तर उशिराचं व्याज दरात घालायचं नाही, ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्या हिशोबात घालायचं, मग तो ठेकेदार असो नाहीतर विभाग. आणि ३६ पैशांची ओळ बिलात येऊ शकते तर अणुविजेला आपण कशाकशातून किती देतो याची ओळ पण वर्षातून एकदा छापता येईल. मला ती ओळ बघून पैसे भरायला जड जाणार नाही. न बघता भरायला जड जातं.

नुसतं इथं लिहून उपयोग नाही म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज घालायचं ठरवलंय, दहा रुपयांचं काम आहे. कच्चा मसुदा असा आहे. कैगा पाच आणि सहाच्या मूळ खर्चात आजपर्यंत किती वाढ झाली आणि बांधकाम काळातलं व्याज किती धरलंय. २ पैशांच्या निधीत आजपर्यंत किती जमले आणि कैगाची चार युनिटं मोडायचा अंदाजे खर्च किती काढलाय. आणि दर ठरवताना ग्राहकांचं म्हणणं ऐकायची काही सोय आहे का, नसेल तर ती का नाही. इंग्रजीत करतोय, पण त्याची कन्नड आणि मराठी प्रत पण करून ठेवावी असं वाटतं म्हणजे गावोगाव वाचता येईल. कन्नड चांगलं लिहिणारं कुणी असेल तर मदत करा, माझं कन्नड बोलण्यापुरतंच आहे.

फेज_न्यूट्रल (मंगळवार, सकाळी ७:१५)

दादा, पहिल्या प्रश्नात "मूळ वेळापत्रक आणि आजचं वेळापत्रक" असं पण घाला, नाहीतर नुसता खर्च देतील आणि उशीर किती ते सांगणार नाहीत. तांत्रिक शब्द मी तपासून देतो.

रामनगरची_लेक (मंगळवार, सकाळी ११:०५)

कन्नड प्रत मी करते. माझं शिक्षण कन्नड शाळेतलं, दोन दिवसांत देते.

फक्त चौथा प्रश्न घाला. कैगासाठी आणि काळीवरच्या धरणांसाठी किती कुटुंबांची जमीन गेली, तेव्हा एकरी किती रुपये दिले, आणि त्यातल्या किती जणांच्या घरी आज नोकरी आहे. आजी ऐंशीच्या वर आहे, तिच्याकडं भरपाईचा जुना कागद आहे, मी त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवते, म्हणजे आकडा बरोबर आला का ते जुळवून बघता येईल.